फरशीवरचं पाणी

१

तुळजाबाई माझ्यामुळे मेल्या, हे मला सकाळी सात वाजता फोनवर कळलं. तोंडात ब्रश होता.

"किशोर, काल तू आमचा फ्रिज नीट केला म्हनलास ना?" निरंजन विचारत होता. तुळजाबाईंचा एकुलता एक मुलगा. "रातभर गळला त्यो. सकाळी आई सैपाकघरात घसरली, डोकं वट्यावर आपटलं. गेली. आता हितं ये आनि सगळ्यांम्होरं सांग काय काम केलंस ते."

मी तोंड धुतलं, हत्यारांची पिशवी घेतली आणि मोटारसायकलला लाथ मारली. पौडपासून त्यांचं गाव कासार आंबोली तसं जवळ, पण त्या दिवशी रस्ता सरेना.

माझं पौडला फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान आहे. माझा बाप पिराजी, त्यानं जन्मभर मेंढरं राखली. मी दुकान टाकलं तेव्हा गाव हसलं होतं, की मेंढक्याचं पोर आता थंडगार हवा विकणार. पहिलं वर्ष माशा मारत बसलो होतो. पहिला फोन आला तो तुळजाबाईंचा, आणि त्यांच्या एका शब्दावर मला अर्ध्या पंचक्रोशीची कामं मिळाली. आमचा धंदा तोंडी चालतो. किशोरच्या हलगर्जीपणानं बाई मेली, हे एकदा तोंडोतोंडी झालं की पार माले गावापर्यंत एक घर मला दारात उभं करणार नाही. वर केस होईल ती वेगळीच. पण खरं सांगतो, गाडीवर बसल्यावर मला त्यातलं काही आठवत नव्हतं. त्या बाईनं माझ्या हातचं काम खात्रीचं मानलं होतं आणि ती त्याच कामानं मेली, एवढंच डोक्यात घणघणत होतं.

तसं काम अगदी साधं. फ्रिजच्या आत मागच्या भिंतीवर ओल धरते, ती वितळून खाली ओघळते आणि भाजीच्या खणावर जी खोबण असते तिच्यातल्या करंगळीएवढ्या भोकातून बाहेर जाते. त्या भोकात कचरा बसला किंवा बर्फ धरला की पाणी तुंबतं. काल दुपारी चार वाजता मी त्या भोकातला बर्फ कोमट पाण्याच्या सिरिंजनं वितळवला, तारेनं आतली घाण काढली आणि शेवटी माझी खूण केली. म्हणजे कोमट पाण्यात चिमूटभर हळद घालून ते भोकात सोडलं. फ्रिजच्या मागे, कॉम्प्रेसरवर एक ट्रे असतो. तिथं पिवळं पाणी उतरलं की गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसतं की वाट मोकळी झाली. हे मी प्रत्येक घरी करतो. लोक मेकॅनिकवर विश्वास ठेवत नाहीत, हळदीवर ठेवतात.

काल ते पिवळं पाणी उतरलं होतं, माझ्या डोळ्यांदेखत. मग रात्रभर फ्रिज गळला कसा?

२

ओसरीवर तुळजाबाईंना ठेवलं होतं. भावकीतल्या बायका भोवती बसल्या होत्या. मी पायाशी वाकलो तर एकीनं पदर असा सावरून घेतला की मी लागलीच मागं सरलो.

"ह्योच," कुणीतरी म्हणालं.

गावच्या पोलीस पाटील रजनीताई दारात उभ्या होत्या. पन्नाशीची बाई, बोलायला फटकळ, आणि गावात त्यांचा वचक असा की पारावरचे पत्ते त्यांना पाहून खिशात जातात. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"पौडावरनं साहेब निघालेत. भावकीला दोनच्या आत उरकायचं हाय. पाय घसरून मरण, असं ल्हितील, आनि कारण म्हनून तुझं नाव घालतील. मला हे पटलं न्हाई, पर नुसतं न पटून चालत न्हाई. बाईला जाळल्यावर काय इचारायचं? फ्रिज बघ. मी फरशी पुसू दिली न्हाई अजून."

स्वयंपाकघरात तळपाय भिजतील इतकं पाणी पसरलं होतं. पार उंबऱ्याला लागलेलं. ओट्याची कडा धुतल्यासारखी स्वच्छ होती. निरंजन मागोमाग आला. डोळे सुजलेले, आवाज बसलेला. पोराला दुःख झालं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

"उघड," तो म्हणाला. "बघ तुझं काम."

मी फ्रिज उघडला, मोबाईलचा टॉर्च लावला. भोक बुजलेलं होतं.

मागं भावकीतले चार जण डोकावत होते, त्यांनाही दिसलं. निरंजन नुसता त्यांच्याकडे बघत राहिला. मी तार घातली. तारेला पांढरट चिकट काहीतरी आलं. बोटात धरून चोळलं. कणीक. भाकरीचं पीठ नव्हे, चपातीची मळलेली कणीक. काल हे भोक आरशासारखं होतं. आणि मागची भिंत इतकी गार असते की रात्री कणीक तिथं गेली असती तर सकाळी खड्यासारखी निघाली असती. ही बोटाला मऊ लागत होती.

मी खाली बसलो आणि भाजीचा खण ओढला. तळाला वर्तमानपत्रात गुंडाळलेली कोथिंबीर होती. कागद कोरडा ठणठणीत.

"रजनीताई, हिकडं या," मी म्हणालो. "भोक बुजलं की पाणी आधी ह्या खणाच्या खाली साठतं. हितं तळं झाल्याशिवाय एक थेंब फरशीवर येत न्हाई. हितला कागद बघा. आनि बुजून बुजून रात्रीत पाणी येतं किती, तर पेला-दीड पेला. फरशीवर बादली हाय."

निरंजन म्हणाला, "अपेक्षानं पुसलं आसंल आतून."

अपेक्षा म्हणजे त्याची बायको. ती आतल्या खोलीच्या दारात सहा वर्षांच्या आरोहीला धरून उभी होती.

मी फ्रिज पुढं ओढला. आणि फ्रिजखाली, पाण्यात, मला हिरव्या बांगडीचा तुकडा दिसला.

तुळजाबाई विधवा होत्या. सतरा वर्षं त्यांच्या हातात काचेची बांगडी नव्हती. मी तुकडा उचलून मुठीत धरला. का कोण जाणे, तेव्हा कुणाला दाखवला नाही.

३

फ्रिजमागचा ट्रे मी रजनीताईंना दाखवला. त्यात दोन बोटं पाणी होतं, नितळ.

"काल ह्यात पिवळं पाणी उतरलं. मी ते वतून, ट्रे फडक्यानं पुसून कोरडा बसवला. आता ह्यात हे पाणी आलं कुठनं? भोकातनंच. म्हंजे रात्रभर वाट मोकळी व्हती. कणीक सकाळी कोंबली. बाई पडल्यावर."

रजनीताईंनी भावकीला बाहेर काढलं, दार लोटलं आणि चुलीपाशी पाट ओढून बसल्या. "येकेकाला इचारू. तू गप उभा राहा. आनि कुणाच्या म्होरं ट्रेचं नाव काढू नकोस."

पहिले आले हैबतराव, तुळजाबाईंचे दीर. याच आवारात वेगळं घर. विहिरीच्या पाळीवरून भावजयीशी तीन वर्षं बोलणं बंद. भावकीतली अर्धी माणसं त्यांच्याकडेच संशयानं बघत होती.

"काल कुटं व्हता?"

"माल्याला, लेकीकडं. सकाळच्या यष्टीनं आलो तर हे बघायला. इचारा लेकीला." म्हातारा खाली बघत होता. "तीन वरसं ह्या उंबऱ्याच्या आत आलो न्हाई. आज आलो."

"फ्रिजचं भोक ठावं हाय तुमाला?"

"फ्रिजला भोक आसतंय व्हय?"

ढोंग वाटलं नाही. ढोंगाला वेगळी तयारी लागते, आणि म्हातारा नुकताच रडून आला होता.

मग स्वानंद. वरच्या खोलीतला भाडेकरू, मूळचा नागपूरचा, बावधनला कुठल्याशा कंपनीत. खोलीत चिकन मागवतो म्हणून तुळजाबाईंनी त्याला या महिन्यात खोली सोडायला सांगितली होती.

"मला राग आला होता, खरंय. पण म्हणून काय," तो म्हणाला. "सकाळी सव्वापाचला मी अलार्म बंद करत होतो, तेव्हा खाली काहीतरी जोरात पडलं. थोड्या वेळानं कडी वाजली, मग नळ सुरू झाला. बराच वेळ चालू होता. मला वाटलं काकू उठल्या, पाणी भरतायत. मी परत झोपलो." त्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "मी खाली यायला पाहिजे होतं ना?"

रजनीताईंनी माझ्याकडे पाहिलं. बाई पडल्यावर नळ कोण सोडतं?

"काल हा फ्रिज नीट करत व्हता तवा तुमी व्हतात?"

"हो. यांच्याकडची बॅटरी चालत नव्हती, मीच मागे मोबाईलचा टॉर्च धरला होता."

"भोकात घातलेलं पाणी कुटं गेलं मग?"

"मागच्या ट्रेमध्ये. पिवळं झालं होतं. मी फोटोपण काढला, मित्रांना पाठवला."

शेवटी अपेक्षा. ती आली तशी रजनीताईंची नजर तिच्या हातांवर गेली. उजव्या मनगटात हिरवा चुडा भरलेला. डावं मनगट मोकळं, त्यावर ताजे ओरखडे.

"बांगड्या कशानं फुटल्या गं?"

"भांडी घासताना."

"फक्त डाव्या हातातल्या? त्याबी समद्या?"

मी मूठ उघडली. तो तुकडा बघून ती इतकी पांढरी पडली की मला वाटलं आता हीच खाली कोसळते.

४

मला वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं. सासूसुनेचं भांडण, झटापट, ढकलाढकली. कणीक मळणारी तीच, फ्रिज तिचाच. सगळं जुळत होतं, आणि मी त्यातून बाहेर पडत होतो. माणूस आपली मान सोडवायला लागला की दुसऱ्याची मान त्याला दिसत नाही.

रजनीताई मात्र उठून फ्रिजपाशी गेल्या. "कणीक आली कुटनं?"

मधल्या कप्प्यात स्टीलचा डबा होता. त्यांनी झाकण काढलं आणि हात झटक्यात मागं घेतला.

"हा गोळा कुनी ठेवला?"

डब्यात कणकेचा गोळा होता. गोल, गुळगुळीत, छान वळलेला. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी पुरुष माणूस, मला कसं दिसणार?

"अपेक्षा, बघ हिकडं. तू ठेवलास?"

अपेक्षानं डब्यात पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला. "न्हाई. मी बोटं दाबून ठेवला व्हता. आत्यांनी लगीन झाल्या झाल्या शिकवलं व्हतं. कणीक उरली की चार बोटं उमटवायची, मगच झाकायची."

आपल्याकडे घरोघर बाया हे करतात. नुसता गुळगुळीत गोळा म्हणजे पिंड. तो मेलेल्या माणसाचा, घरात तसा ठेवायचा नसतो. माझी आई कोंडाबाईसुद्धा पालावर, मेंढरांच्या कळपात बसून हे पाळायची. लहानपणापासून बघत आलो, पण कधी डोक्यात शिरलं नव्हतं.

"आता ऐक किशोर," रजनीताई म्हणाल्या. "कुनीतरी ह्या गोळ्यातनं कणीक तोडली. तोडल्याचं दिसू नये म्हनून बाकीचा गोळा झकास वळून ठेवला. हिनं कोंबली असती तर घाईतसुदीक हिची बोटं तितं गेली असती. सवय हाय ती, इचार करून होत न्हाई. आनि मेलेली सासू बाजूला पडलेली असताना कुटली सून डब्यात पिंड वळून ठेवील? हे काम सैपाकघरात हात न घालणाऱ्या गड्याचं हाय."

"गडी तीन," मी म्हणालो.

"हैबतराव माल्याला व्हते, त्यांना भोकच ठाऊक न्हाई. ह्यो वरचा पोरगा टॉर्च धरून व्हता, त्याला ट्रे ठाऊक. बुजवलं असतं तर त्यानं ट्रेबी रिकामा केला असता. आता तू सांग, काल निरंजन कुटं व्हता?"

मी आठवलं. मी आत तार घालत होतो तेव्हा निरंजन पाणी प्यायला आला होता. माझ्या खांद्यावरून वाकून त्यानं भोक पाहिलं आणि विचारलं होतं, एवढ्याशा भोकानं एवढा ताप व्हय? मग त्याला फोन आला, तो बाहेर गेला. फ्रिज मी त्यानंतर ओढला, अपेक्षाच्या मदतीनं. त्याला आत बोलवावं की नाही, याचा रजनीताईंनी विचारच केला नाही. त्यांनी सरळ हाक मारली.

५

निरंजन आला. मागोमाग हैबतराव आणि भावकीतले दोघे दारात आले. रजनीताईंनी हटकलं नाही.

"निरंजन, किशोरनं काल भोकात कोमट पाणी घातलं. ते कुटं गेलं?"

"आं?"

"कुटं जातं त्ये पाणी? तुझ्या घरचा फ्रिज हाय."

"कुटं म्हंजे, खालनं मोरीत जात आसंल. पाईप आसंल काय तरी." तो चिडला. "आई बाहेर पडलीय माझी, आनि तुमी मला शाळा घेता?"

"अपेक्षा, कुटं जातं?"

"मागच्या ट्रेत," अपेक्षा म्हणाली. बऱ्याच वेळानं तिचा आवाज नीट निघाला.

रजनीताईंनी ट्रे काढून ओट्यावर ठेवला. मग डबा त्याच्या शेजारी ठेवला, झाकण काढून. एका दमात सगळं सांगितलं. ट्रे, कोथिंबीर, नळ, गोळा. निरंजन ट्रेकडे बघत राहिला. गोळ्याकडे बघितल्यावर मात्र त्याला बायकांसारखाच धक्का बसला, कारण अर्थ त्यालाही कळला होता. आपल्या हातानं त्यानं आईचा पिंड वळला होता, तोही भाताचा नाही.

"मुद्दाम न्हाई केलं," तो म्हणाला. "मी हिला मारत व्हतो. ती मधी आली. मी फक्त बाजूला सारली तिला."

हैबतराव दाराच्या चौकटीला टेकले. रजनीताईंनी फोन काढला आणि पौडच्या साहेबांना सांगितलं की बाईंना जाळणार नाही, गाडी पाठवा, शवविच्छेदन करायचंय.

माझं नाव सुटलं होतं. खरं तर मला हलकं वाटायला हवं होतं.

ओसरीवरून जाताना हैबतरावांनी मला अडवलं. "किशोर, पोरानं हात उचलला, चुकलंच. पर ते घसरण्यावर गेलं असतं तर काय बिघडलं असतं रं? तुला चार महिनं लोक बोललं असतं, मग इसरलं असतं. हितं तर घर बसलं आमचं. एकुलता एक. आता तिला अग्नी कुनी द्यायचा?"

मला राग आला. माझी मान यांच्या हिशेबी चार महिन्यांची होती. पण त्याहून वाईट म्हणजे म्हातारा वाईट माणूस नव्हता. खरंच विचारत होता. आणि भोवतीच्या दोनचार माना हलल्यासुद्धा.

उत्तर अपेक्षानं दिलं. ती आरोहीला कडेवर घेऊन आतून आली होती. एवढ्या मोठ्या पोरीला कडेवर घेतलेली, पोरीचं तोंड आपल्या मानेत दाबून धरलेलं.

"मामंजी, आत्या पडल्या पडल्या गेल्या असत्या तर मीबी गप ऱ्हायले असते. मी गपच ऱ्हाणार व्हते. ह्या पोरीसाठी." ती हळू बोलत होती, पण ओसरी इतकी शांत झाली होती की शेवटच्या बाईपर्यंत ऐकू गेलं. "ह्यांनी मला आरोहीसंगं आतल्या खोलीत कोंडलं, बाहेरनं कडी घातली. मी दाराला कान लावून बसले व्हते. आत्या लगीच गेल्या न्हाईत. तासभर व्हत्या. मी कडी वाजवत व्हते, दवाखान्यात न्या म्हनत व्हते. त्या सैपाकघरातनं पाणी पाणी करत व्हत्या."

"मग?" हैबतराव म्हणाले.

"पडल्यावर थोड्या येळानं नळ सुरू झाला. मला वाटलं, देतोय आता. बादली भरल्याचा आवाज आला, आनि मग फरशीवर वतल्याचा. पुन्हा भरली, पुन्हा वतली. आत्या मागतच व्हत्या."

म्हातारा खाली बसला. कुठल्याशा बाईनं तोंडात पदर कोंबला. निरंजन आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि रजनीताईंनी त्याच्यावर नजर ठेवली होती. थोड्या वेळानं हैबतराव उठले, माठातून तांब्या भरून घेतला आणि तुळजाबाईंच्या उशाशी जाऊन बसले. त्यांनी बोटं बुडवून भावजयीच्या ओठांवर पाणी सोडलं. ते ओठात गेलं नाही, गालावरून ओघळून चटईवर पडलं, तरी ते सोडत राहिले. मी हत्यारांची पिशवी उचलली, चपला घातल्या आणि गाडी येईपर्यंत फाटकाबाहेर उभा राहिलो.